प्लिकर्स: पाच प्रश्नांची चाचणी तासिकेतच तपासून देणारी कागदी कार्डं

वर्गात ४० ते ६० मुलं, कोणाकडेही फोन किंवा टॅब नाही, आणि आज शिकवलेलं किती जणांना समजलं हे आजच कळायला हवं. अशा शिक्षकाने प्लिकर्स जरूर वापरून बघावं. वर्गात वीसच मुलं असतील तर त्याची गरज नाही, तिथे पाटी पुरते. निबंध, पत्र, आकृती, उदाहरणाच्या पायऱ्या तपासायच्या असतील तर प्लिकर्सचा काडीचा उपयोग नाही. या दोन टोकांच्या मधल्या कामासाठी, म्हणजे तीन ते पाच बहुपर्यायी प्रश्नांच्या झटपट तपासणीसाठी, ते इतकं चांगलं आहे की तपासायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घरी नेणं बऱ्याच अंशी थांबतं.

साधन अगदी साधं आहे. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड मिळतं. कार्डावर काळा चौकोनी ठसा असतो, त्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं आणि कोपऱ्यात कार्डाचा क्रमांक असतो. प्रत्येक क्रमांकाचा ठसा वेगळा. ज्या पर्यायाचं उत्तर द्यायचं त्याचं अक्षर वरच्या बाजूला धरून मूल कार्ड उंच करतं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, ॲप प्रत्येक ठसा ओळखतं, तो कोणत्या बाजूने धरला आहे ते पाहतं आणि त्या मुलाच्या नावापुढे उत्तर नोंदवतं. फोन फक्त शिक्षकाचा लागतो. ठसे वेगवेगळे असल्यामुळे शेजारच्याचं कार्ड बघून आपलं तसंच धरलं तरी उत्तर जुळत नाही, आणि अक्षरं इतकी लहान असतात की दोन बाकांवरून वाचता येत नाहीत.

आधी वेळेचा हिशेब

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचे तासही मोजले आहेत. प्रत्यक्षात तयारीचे तास तपासणी खाऊन टाकते. माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाकडे दोन इयत्तांच्या मिळून चार तुकड्या आणि प्रत्येक तुकडीत ५५ मुलं आहेत असं धरू. एकूण २२० मुलं झाली. आठवड्यातून एकदा पाच प्रश्नांची चिठ्ठीवरची चाचणी घेतली, एका चिठ्ठीला ३० सेकंद दिले, तर नुसत्या तपासणीला ११० मिनिटं लागतात. गुण वहीत चढवायला प्रत्येकी पाच सेकंद धरले तर आणखी अठरा मिनिटं. म्हणजे दोन तासांहून जास्त, ३५ मिनिटांच्या साडेतीनहून जास्त ऑफ तासिका. त्यात बदली तासिका लागली, की चिठ्ठ्या घरी आल्याच.

प्लिकर्समध्ये तपासणी आणि नोंद हे दोन्ही शून्यावर येतात. पण वेळ पूर्ण वाचतो असं समजू नये, कारण त्यातला काही प्रश्न तयार करण्याकडे जातो. चिठ्ठीसाठी पाच प्रश्न दहा मिनिटांत निघतात. इथे चार-चार पर्याय विचार करून काढावे लागतात, टाइप करावे लागतात. एका संचाला वीस मिनिटं धरा. दोन इयत्तांना चाळीस. जमाखर्च मांडला तर आठवड्याला साधारण पावणेदोन तास हातात उरतात. पुढच्या वर्षी तेच संच तयार असतात, तेव्हा ही चाळीस मिनिटंही वाचतात. शाळेत त्याच विषयाचे दोन शिक्षक असतील आणि त्यांनी घटक वाटून घेतले तर पहिल्याच वर्षी निम्मी.

एकच तुकडी आणि सगळे विषय असलेल्या प्राथमिक शिक्षकाचं गणित वेगळं आहे. एक संच अनेक तुकड्यांना वापरता येत नाही, त्यामुळे बचत कमी होते. अशा शिक्षकाने रोज सगळ्या विषयांसाठी हे करू नये. गणित आणि परिसर अभ्यास या दोन विषयांत, घटक संपताना एकदा, इतकंच ठेवावं.

कार्डं छापताना

बहुतेक शिक्षक प्लिकर्स सोडून देतात ते ॲपमुळे नव्हे, खराब कार्डांमुळे. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कार्डांची फाइल प्लिकर्सच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचा. एका पानावर दोन कार्डं येतात, म्हणजे ४० ला २० पानं आणि ६३ ला ३२ पानं. एका पानावर एकच मोठं कार्ड असलेला संचही आहे. लांबट वर्गखोली असेल, मागचा बाक फळ्यापासून दूर असेल, तर तो घ्यावा. आज तुकडीत ४० च्या आत मुलं असली तरी ६३ चा संच छापून ठेवणं बरं. जून-जुलैत नवीन दाखले येत राहतात आणि ४१ वं मूल आलं की धावपळ होते.

छपाई लेझर प्रिंटरवर घ्या. इंकजेटची शाई घामाच्या हाताने पसरते आणि ठशाच्या कडा अस्पष्ट झाल्या की कॅमेरा गोंधळतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सचं तेच होतं. काळा भाग राखाडी पडतो, मध्ये पांढरे ठिपके येतात. प्रत्येक वेळी मूळ फाइलवरूनच प्रिंट घ्या. साध्या कागदाऐवजी जाड कार्डशीट हवी. पातळ कागद हातात वाकतो, आणि मागून खिडकीचा उजेड आला तर आरपार दिसतो. पाठपोट छापू नका. प्रिंट लहान करून एका पानावर चार कार्डं बसवण्याची काटकसर तर अजिबात नको, मागच्या तीन रांगा वाचल्याच जात नाहीत.

लॅमिनेशन हा सगळ्यात मोठा सापळा. दुकानात सहज मिळतं ते चकचकीत लॅमिनेशन, आणि त्यावर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटते. ती पट्टी ठशावरून गेली की कार्ड दिसूनही वाचलं जात नाही. मॅट लॅमिनेशन मिळत असेल तरच करा. नसेल तर कार्ड तसंच राहू द्या, वर्षभर टिकतं. ठशावर सेलोटेपही नको.

कार्डं वाटण्यात वेळ जातो, हे पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात येतं. ५५ कार्डं क्रमांक पुकारून वाटायला आणि गोळा करायला मिळून सहज पाच मिनिटं लागतात, म्हणजे वाचवलेला वेळ तिथेच गेला. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येकाचं कार्ड त्याच्याच वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवणं. वही उघडली, पुठ्ठा दुमडून वर धरला, झालं. पुठ्ठ्यामुळे कार्ड वाकतही नाही. वही दोनशे पानी जाडजूड असेल तर लहान मुलांना ती उलटीसुलटी फिरवणं जड जातं, म्हणून बारीक वही निवडा. वही विसरून येणाऱ्यांसाठी सुटा संच टेबलाच्या खणात ठेवावा. एकच संच सगळ्या तुकड्यांना चालतो, कारण कोणत्या तुकडीत तीन क्रमांक कोणाचा हे ॲपला माहीत असतं.

कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवला की सगळं सोपं होतं. तुकडी तयार करताना हजेरीपटाच्या क्रमाने नावं एकाखाली एक टाकली की क्रमांकही त्याच क्रमाने लागत जातात. फक्त एक पथ्य पाळायचं. वर्षाच्या मध्ये हजेरीपट नव्याने लावला गेला तरी कार्डांचे क्रमांक बदलायचे नाहीत. नवीन मुलाला पुढचा मोकळा क्रमांक द्यायचा. नाहीतर अर्ध्या वर्षाच्या नोंदी एकाच्या दुसऱ्याला लागतात. नावं टाकताना पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर पुरे. जन्मतारीख, आधार क्रमांक, पालकांचा मोबाइल यातलं काहीही तिथे टाकण्याची गरज नाही आणि टाकूही नये.

कार्ड धरण्याचा सराव

पहिल्या दिवशी अभ्यासक्रमाचा प्रश्न विचारू नका. 'आपल्या शाळेचं नाव काय' असा प्रश्न द्या, ज्याचं उत्तर सगळ्यांना येतं. सगळी उत्तरं बरोबर यायला हवीत. जी चूक येईल ती कार्ड धरण्याची.

ती चूक जवळजवळ नेहमी एकच असते. ठसा आणि अक्षरं दोन्ही कार्डाच्या पुढच्या बाजूला आहेत. मूल आधी स्वतःकडे बघून अक्षर वर आणतं आणि मग कार्ड शिक्षकाकडे वळवतं. वळवताना ते पुस्तकाच्या पानासारखं आडवं फिरवलं तर वरची बाजू वरच राहते. पण काही मुलं कार्ड वरून खाली उलटवतात. मग वरची बाजू खाली जाते आणि अगदी समोरच्या बाजूचं उत्तर नोंदलं जातं. मुलाला उत्तर येत असतं, नोंद मात्र चुकीची. एखाद्या हुशार मुलाची पाचही उत्तरं चुकलेली दिसली तर आधी हाच संशय घ्या.

सुट्या कार्डावर उपाय करता येतो. प्रत्येक अक्षराच्या बरोबर मागे, त्याच कडेला, पेन्सिलीने तेच अक्षर बारीक लिहायचं. कार्ड शिक्षकाकडे वळवल्यावर मुलाला मागची बाजू दिसते आणि आपण काय धरलंय ते तपासता येतं. अक्षर मोठं लिहू नका, नाहीतर मागच्या बाकावरच्याला आयतं उत्तर मिळतं.

दुसरी चूक बोटांची. ठशावर बोट आलं की कार्ड वाचलं जात नाही. दोन्ही हातांनी, कडेला पांढऱ्या जागेत धरायचं. तिसरी गोष्ट उंचीची. कार्ड हनुवटीपाशी धरायचं, डोक्यावर नाही. डोक्यावर धरलं की मागच्याचं झाकलं जातं. आणि 'कार्ड खाली' म्हणेपर्यंत हलवायचं नाही. तिसरी-चौथीच्या मुलांनाही हे दोन-तीन वेळात जमतं. पहिली-दुसरीच्या मुलांची मात्र चार बाजूंत गल्लत होते, त्यांच्यासाठी दोनच पर्याय असलेले चूक-बरोबरचे प्रश्न ठेवावेत.

स्कॅन करताना

ॲप आणि संच स्टाफरूममध्येच उघडून ठेवा, जिथे नेटवर्क चांगलं आहे तिथे. तुकडीच्या रांगेत संच आधीच लावून ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. वर्गात जाऊन लॉग-इन, पासवर्ड, नेटवर्कची वाट यात तीन-चार मिनिटं गेली की पंचावन्न मुलं हातची जातात. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाका, नाहीतर स्कॅनच्या मध्येच फोन येतो. वर्गात फोन वापरायला शाळेची मनाई असेल तर मुख्याध्यापकांना आधी दाखवून परवानगी घ्यावी. मुलांची नोंद कशी दिसते ते पाहिल्यावर सहसा हरकत राहत नाही.

उजेडाची दिशा महत्त्वाची. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कॅमेऱ्याला कार्डांची पुढची बाजू काळोखी दिसते. उजेड कार्डाच्या पुढच्या बाजूवर पडेल अशा जागी, म्हणजे शक्यतो खिडकीकडे पाठ करून उभं राहा. जमत नसेल तर त्या खिडकीची झडप तेवढ्यापुरती ओढून घ्या. पावसाळ्यात वर्ग अंधारा असतो, तेव्हा दिवे लावल्याशिवाय मागच्या रांगा मिळत नाहीत. फोनची लेन्स पुसलेली असावी. खडूची धूळ बसलेल्या लेन्समुळे निम्म्या तक्रारी येतात.

फोन हळू फिरवा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. घाईने फिरवला तर कार्डं पुसट दिसतात आणि पुन्हा फिरवावा लागतो. मागचे दोन बाक राहत असतील तर रांगांच्या मधून दोन पावलं पुढे जा. वाचलेल्या मुलाचं नाव शिक्षकाच्या पडद्यावर येतं, बरोबर उत्तर हिरव्यात, चूक लालमध्ये. तो पडदा पहिल्या बाकावरच्यांना दिसणार नाही याची काळजी घ्या. किती जणांची नोंद व्हायची राहिली हेही तिथेच दिसतं, त्यामुळे 'सतरा आणि बत्तीस, कार्ड नीट धरा' असं सांगता येतं. सराव झाल्यावर पंचावन्न कार्डांना अर्धं मिनिट पुरतं.

वर्गात प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही असेल तर संगणकावर प्लिकर्सचं पान उघडून प्रश्न मोठा करून दाखवता येतो. कोणाचं कार्ड वाचलं गेलं हे मुलांनाही तिथे दिसतं, म्हणून 'सर, माझं राहिलं' हा गलका कमी होतो. पण प्रोजेक्टर नसला तरी काहीही अडत नाही. प्रश्न आणि चार पर्याय फळ्यावर लिहा, बाकी सगळं फोनवर. संचात 'फळ्यावरचा प्रश्न १' ते 'फळ्यावरचा प्रश्न ५' असे पाच रिकामे प्रश्न बरोबर उत्तर न ठरवता, सर्वेक्षण म्हणून कायमचे करून ठेवले तर ऐनवेळी सुचलेला प्रश्नही विचारता येतो. कोणत्या पर्यायाला किती मुलं गेली ते दिसतं, आणि त्या क्षणी तेवढंच हवं असतं.

प्रश्नाचे चुकीचे पर्याय

खरा कस इथे लागतो. चुकीचा पर्याय नुसता भरतीचा असेल तर त्यातून काही कळत नाही. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजावर बेतलेला हवा.

दशांश अपूर्णांकांचा एक प्रश्न घेऊ. सर्वांत मोठी संख्या कोणती: ए) ०.५, बी) ०.४५, सी) ०.३७५, डी) ०.०९. बरोबर उत्तर ए. सी निवडणारं मूल दशांश चिन्हानंतरच्या भागाला पूर्ण संख्या समजतंय. त्याला ३७५ ही ५ पेक्षा मोठी वाटते. बी निवडणाराही बहुधा त्याच वाटेवर आहे, पण त्याने सी नीट वाचलेला नाही किंवा तो अंदाजाने गेला आहे. डी निवडणाऱ्याच्या मनात स्थानिक किमतीचाच घोळ आहे. पंचावन्नपैकी वीस मुलं सी वर गेली तर पुढे काय करायचं ते लगेच ठरतं. ०.५ म्हणजे ०.५०० हे फळ्यावर लिहून, चारही संख्यांना सारखेच दशांश अंक करून दाखवायचे. नुसतं 'पुन्हा समजावून सांगतो' म्हणत अख्खा तास उगाळायची गरज उरत नाही.

अपूर्णांकांच्या बेरजेतही तसंच. १/२ + १/३ साठी २/५ हा पर्याय असलाच पाहिजे, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं तिथेच जाऊन बसतात. २/६ निवडणाऱ्याने सामाईक छेद काढलाय, पण अंश बदलायला विसरलाय. दोघांची चूक वेगळी आहे आणि उपायही वेगळा. चिठ्ठी तपासताना या दोघांना आपण सारखीच फुली मारतो.

उत्तरं आल्यावर काय करायचं याला हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या पद्धतीचा आधार घेता येतो. त्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं बरोबर असेल तर उत्तर सांगायचं नाही. मुलांनी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं, आपलं उत्तर का बरोबर ते पटवून द्यायचं, आणि मग पुन्हा कार्ड धरायचं. ७० टक्क्यांच्या वर असेल तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं आणि राहिलेल्यांची नावं टिपून ठेवायची. ३० च्या खाली असेल तर घटकाचा तो भागच पुन्हा घ्यायचा. त्यासाठी पहिल्या फेरीनंतर आलेख प्रोजेक्टरवर दाखवू नका. बहुमत दिसलं की सगळे तिकडे वळतात.

प्रश्न वाचायला एक मिनिट, स्कॅनला अर्धं, चर्चेला दोन. तीन प्रश्न दहा मिनिटांत बसतात. पाच प्रश्न चर्चेसकट घ्यायचे म्हटले तर ३५ मिनिटांची तासिका निम्मी जाते, म्हणून रोजच्या वापराला तीनच बरे. मराठीत टाइप करायला वेळ लागत असेल तर फोनवर बोलून टाइप करा. अपूर्णांक, वर्गमूळ, आकृती असेल तर वहीत लिहून त्याचा फोटो प्रश्नाला जोडा.

नोंदी आणि गुण

प्लिकर्सचा गुणतक्ता संगणकावर दिसतो, प्रश्नागणिक आणि मुलागणिक. ही नोंद पालकसभेत फार कामाला येते. 'अभ्यास करत नाही' असं मोघम सांगण्याऐवजी 'अपूर्णांकांच्या तिन्ही चाचण्यांत सामाईक छेदाचाच प्रश्न चुकलाय' असं पालकांना दाखवता येतं.

पण हे गुण जसेच्या तसे आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, चढवू नयेत. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी चारातून एकदा बरोबर येतं, पाच प्रश्नांत सरासरी सव्वा गुण नुसत्या नशिबाने मिळतो. शिवाय आकारिक मूल्यमापनाची साधनं आठ आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. त्यातल्या चाचणीला प्लिकर्सची थोडी मदत होते, निरीक्षणाच्या नोंदीला दिशा मिळते, बाकीच्यांना नाही. गुणांची भीती नसली तर मुलं मोकळेपणाने आपलं खरं उत्तर धरतात, हा फायदा गुणांपेक्षा मोठा आहे.

शिष्यवृत्तीची तयारी करून घेणाऱ्यांना हे साधन आवडेल, कारण ती परीक्षा बहुपर्यायीच आहे. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असत आणि दोन्ही नोंदवावे लागत. कार्डाची एका वेळी एकच बाजू वर असते, त्यामुळे तसे प्रश्न इथे घेता येत नाहीत.

फुकट की पैसे भरून

फुकट खात्यात एका संचात पाचच प्रश्न टाकता येतात. संच हवे तितके करता येतात. दहा प्रश्न हवे असतील तर 'भाग १' आणि 'भाग २' असे दोन संच. ही मर्यादा रोजच्या कामात अडचण ठरत नाही. पाच प्रश्नांच्या पुढे मुलांचे हात दुखतात, लक्ष उडतं, आणि शेवटची उत्तरं कशीतरी दिली जातात. पैसे भरून घ्यायची योजना बहुसंख्य शिक्षकांना लागणार नाही. वीस-पंचवीस प्रश्नांची घटक चाचणी घ्यायची असेल तर प्लिकर्स ताणण्यापेक्षा गोल रंगवायची उत्तरपत्रिका आणि ती फोनने तपासणारं झिपग्रेडसारखं ॲप जास्त सोयीचं. तिथे मूल आपल्या वेगाने सोडवतं.

शाळेत संगणक कक्ष चालू असेल आणि प्रत्येकाला यंत्र मिळत असेल तर गूगल फॉर्म्स पुरेसं आहे. त्यात लहान उत्तरंही घेता येतात, पण '१२' आणि इंग्रजी अंकांतलं '12', किंवा एखादी वेलांटी ह्रस्व-दीर्घ झाली तरी ते वेगळं उत्तर धरलं जातं, म्हणून मराठीत तिथेही बहुपर्यायीच बरं. आणि वीस मुलांच्या द्विशिक्षकी शाळेत 'पाटीवर लिहा, दाखवा' याहून वेगवान काही नाही. एका नजरेत वीस पाट्या वाचून होतात, उत्तर कसं काढलं तेही दिसतं, आणि चार्जिंगचा प्रश्न येत नाही. फक्त नोंद राहत नाही.

सुरुवात करायची असेल तर एकाच तुकडीपासून करा, आणि जिथे मुलं सगळ्यात जास्त आहेत त्या तुकडीपासून. पहिल्या आठवड्यात कार्डं छापून चिकटवणं आणि शाळेच्या नावाचा सराव प्रश्न, दुसऱ्यात एकाच तासाला तीन प्रश्न, आणि ते जमलं की दुसरी तुकडी जोडायची. चारही तुकड्या एकदम सुरू केल्या तर चारही ठिकाणी कार्डांच्या तक्रारी एकाच वेळी येतात. वर्ष संपलं की जुनी तुकडी ॲपमध्ये संग्रहित करा, प्रश्नांचे संच तसेच राहू द्या, आणि जूनमध्ये नव्या हजेरीपटावरून नवी तुकडी तयार करा. चांगली राहिलेली सुटी कार्डं तीच चालतात, फाटलेल्या क्रमांकांची तेवढी पानं पुन्हा छापून घ्यायची.